नाव सभागृहाचं, भिंत पाळणाघराची

दाराच्या डाव्या बाजूला, दिव्याच्या बटणांच्या वीतभर वर, साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी दिसते ना, तो मी. मीच बोलतोय, दचकू नका. अकरा वर्षं या इमारतीत नोकरी करतोय आणि आजवर आकड्यांखेरीज एक शब्द तोंडातून काढलेला नाही. तेव्हा आज चार गोष्टी सांगितल्या तर मला बडबड्या म्हणू नका.

मी तापमान मोजणारा सेन्सर. माझं काम साधं आहे. खोलीत किती उकडतंय किंवा किती गारठलंय ते बघायचं आणि दर पाच मिनिटांनी तळघरातल्या संगणकाला कळवायचं. एकाएकी फरक पडला तर पाच मिनिटं वाट बघायची नाही, लगेच कळवायचं. मला तार नाही, पोटात एक बॅटरी आहे. कपाळावर हिरवा ठिपका आहे, आकडा पाठवला की तो लुकलुकतो. माणसं मला घंटी समजून दाबतात. एका पाहुण्याने तर मला सुगंध सोडणारं यंत्र समजून माझ्यापुढे उभं राहून दोनदा खोल श्वास घेतला आणि 'छान आहे' म्हणून मान डोलावली. मी असल्या गोष्टी मनावर घेत नाही.

माझा जन्म एका लांबलचक आणि कमालीच्या स्वच्छ कारखान्यात झाला. जगात पाठवण्याआधी आम्हा चारशे भावंडांना एकदा कडाक्याच्या थंडीत बसवलं, एकदा कढत हवेत बसवलं आणि प्रत्येकाला विचारलं, 'बोल, किती?' जे चुकले ते परत गेले. माझा आकडा दशांशापर्यंत बरोबर आला. पांढरा कोट घातलेल्या एका बाईंनी माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत ४४१७ असा क्रमांक छापला आणि सोबत एक प्रमाणपत्र दिलं. त्या कागदाचा मला केवढा अभिमान होता! पुढे त्याच कागदाने एका भल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळवलं.

या सहा मजली कचेरीत आल्यावर पहिली पाच वर्षं मी तळमजल्यावरच्या सभागृहात होतो. संगणकात ४४१७ समोर माझं नाव लिहिलं गेलं, 'सभागृह'. दीडशे खुर्च्या, एक व्यासपीठ, आणि 'मी दोनच शब्द बोलणार आहे' म्हणत उठणारी माणसं. तिथे मला एक शोध लागला. दोनच शब्दवाला माणूस बोलायला लागला की अर्ध्या तासात खोली दोन अंशांनी तापते. माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडी. अशा दीडशे शेगड्या आत बसवून दार लावून घेतल्यावर दुसरं काय होणार? मी आकडा कळवायचो, संगणक थंड हवेची झडप उघडायचा, लोक हुश्श करायचे, आणि वक्त्याला वाटायचं की आपला मुद्दा पटला.

मग रंगारी आला.

तळमजल्याला नवा रंग द्यायचा होता. बाकीचे रंगारी आमच्यावरूनच ब्रश फिरवतात. हा मात्र फार नेटका माणूस होता. त्याने मला भिंतीवरच्या पट्टीवरून अलगद सरकवून काढलं, फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मग समोरच्या पाळणाघरात जाऊन तिथल्या भिंतीवरचा माझा भाऊ काढला आणि त्याच खिशात टाकला. तीन दिवस आम्ही दोघे त्याच्या छातीशी होतो. त्याच्या अंगाची ऊब मोजत होतो आणि इमानदारीने कळवत होतो. तीन दिवस संगणकाच्या लेखी सभागृह चौतीस अंश आणि पाळणाघरही चौतीस अंश! कुणी विचारायला आलं नाही.

चौथ्या दिवशी रंग वाळला. त्याने खिशात हात घातला, जो हाताला लागला तो पाळणाघरात बसवला, उरलेला सभागृहात. पाळणाघरात बसलो तो मी. दोघेही सारखेच पांढरे, सारखेच गुळगुळीत, आणि क्रमांक पाठीवर. पाठ एकदा भिंतीला टेकली की कुणाला काय कळणार? त्या रंगाऱ्याला मी अजूनही दोष देत नाही. तोवर मला इतकं जपून कुणीच हाताळलं नव्हतं.

पण त्या दिवसापासून एक विचित्र संसार सुरू झाला. मी पाळणाघराची हवा मोजायचो आणि ती सभागृहाच्या नावावर जमा व्हायची. भाऊ सभागृहाची मोजायचा, ती पाळणाघराच्या नावावर. आकडे दोघांचेही खरे होते. चार वर्षांत आम्ही एकदाही खोटं बोललो नाही. फक्त आमचं खरं चुकीच्या पत्त्यावर जाऊन पडत होतं.

त्याचा परिणाम काय व्हायचा ते ऐका. सभागृहात माणसं भरली, तापलं, की संगणकाला वाटायचं पाळणाघर तापलं, आणि तो पाळणाघरात थंड हवा सोडायचा. पाळणाघर गारठलं की मी कळवायचो, 'सतरा!' संगणकाला वाटायचं सभागृह गारठलं, आणि तो सभागृहाची हवा बंद करून टाकायचा. मग तिकडे सगळे हातातल्या कागदांनी वारा घेत बसायचे आणि इकडे आम्ही काकडायचो. सभा नसली की दोन्ही खोल्या अगदी शहाण्यासारख्या चोवीसवर. त्यामुळे रोग कुणाच्या हाती लागत नव्हता.

पाळणाघरातल्या बाईंना मुलं मावशी म्हणतात, म्हणून सगळी इमारतच त्यांना मावशी म्हणते. वरच्या मजल्यांवर काम करणाऱ्या आईबापांची बावीस मुलं त्यांच्याकडे असतात. सगळ्यात धाकटं रांगणारं, सगळ्यात मोठी साडेचार वर्षांची. यातल्या एकालाही वाचता येत नाही, म्हणून मावशींनी प्रत्येकाला एक चित्र वाटून दिलंय. एकाचं बदक, एकीची छत्री, एकाचा मासा. जो बदक, त्याच्या पेल्यावर बदक, खुंटीवर बदक, उशीवर बदक, डब्यावर बदक. एकच बदक, एकसारखं काढलेलं, सगळीकडे उजव्या कोपऱ्यात. बावीस पेल्यांतला एकही पेला मी कधी चुकीच्या तोंडाला लागलेला पाहिला नाही. मावशींच्या या शिस्तीपुढे मी मनातल्या मनात रोज हात जोडतो.

दुपारी जेवणं झाली की मुलं झोपतात. मोठ्यांच्या सभाही नेमक्या दुपारच्या जेवणानंतर असतात. (तीही झोपच, पण बसून.) म्हणजे मुलं पांघरुणात शिरली रे शिरली की छतातून गार वारा सुरू. मावशी एकावर एक दोन मोजे चढवायच्या, कपाटातले स्वेटर काढायच्या आणि कार्यालयात फोन करायच्या.

"अहो, इथे पोरं कुडकुडतायत. हवा बंद करा जरा."

"मावशी, स्क्रीनवर पाळणाघर सत्तावीस दाखवतंय. उलट गरम आहे."

"गरम? तुम्ही या, इथे दहा मिनिटं झोपून दाखवा."

"तुम्हालाच थंडी जास्त वाजते, मावशी."

एकदा त्यांनी घरून काचेचं तापमापक आणलं आणि माझ्याच शेजारी खिळ्याला टांगलं. ते म्हणालं सतरा. मी म्हणत होतो सतरा पूर्णांक एक. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच माझ्या मताचा कुणी भेटला. पण व्यवस्थापक साहेबांनी फोनवरच त्याला उडवून लावलं. "मावशी, तुमचं बाजारातलं. आमच्या सेन्सरला प्रमाणपत्र आहे."

साहेब वाईट माणूस नव्हेत बरं का. तरुण, हुशार, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. त्यांची फक्त स्क्रीनवर श्रद्धा होती. तरीही तक्रारी थांबेनात म्हणून त्यांनी तपासणीला माणूस बोलावला. कुणाची गैरसोय नको म्हणून बोलावला सुट्टीच्या दिवशी! सुट्टीला दोन्ही खोल्या रिकाम्या, दोन्हीकडे चोवीस. त्याने स्वतःचं यंत्र माझ्याशेजारी धरलं, चोवीस. स्क्रीनवर पाहिलं, पाळणाघर चोवीस. माझ्या प्रमाणपत्रावर नवा शिक्का मारून तो निघून गेला. मला इतकं ओरडावंसं वाटलं त्या दिवशी, पण माझ्याजवळ एक हिरवा ठिपका, तो लुकलुकला तेवढाच.

आता थंडोपंतांविषयी सांगतो. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तळघरात थंड हवेची यंत्रं सांभाळणारे काका, डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी, म्हणून इमारतीने त्यांना थंडोपंत करून टाकलं. सव्वीस वर्षं याच इमारतीत. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून त्याचा कुठला पट्टा सैल झालाय ते सांगणारा माणूस.

मावशींचा शब्द खरा मानणारे तेवढे एकटेच. फोन आला की ते जिने चढून यायचे. दारात चपला काढायचे. मग पालथा हात वरच्या झरोक्यासमोर धरायचे, आणि सगळ्यात शेवटी झोपलेल्या एखाद्या मुलाच्या पांघरुणाखाली बोट घालून त्याच्या तळपायाला लावायचे.

"मावशी, साडेसतराच्या वर नाही हो हे."

"मी काय वेगळं सांगतेय मग?"

मग ते स्टुलावर चढून झडप हाताने बंद करायचे. तासाभराने संगणक ती पुन्हा उघडायचा. काका पुन्हा जिने चढायचे. प्रत्येक वेळी खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने दोन ओळी लिहायचे, तारीख, वेळ, 'पोरं गार. अंदाजे साडेसतरा.' संगणकही लिहायचा, पण आपल्या पद्धतीने, 'पाळणाघर. झडप हाताने बंद.' का, ते लिहायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

मग इमारतीच्या मालकांनी बाहेरच्या जाणकारांकडून सगळ्या नोंदींचा अहवाल करून घेतला. त्या जाडजूड अहवालात एक वाक्य होतं. 'पाळणाघरात सव्वीस ते अठ्ठावीस अंश तापमान असताना एका कर्मचाऱ्याने एकसष्ट वेळा थंड हवा बंद केली.'

वाचणाऱ्याला काय वाटेल? हा माणूस लहान मुलांना उकाड्यात कोंडून ठेवत होता. सगळ्यांना तेच वाटलं. काकांना पत्र मिळालं, तळघरातून बाजूला केलं गेलं, आणि पंधरा दिवसांनी चौकशी ठरली. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना. पण काकांना नोकरीपेक्षा दुसरंच लागलं. छत्रीची आई रोज सकाळी 'काय काका, बरं आहे ना?' म्हणायची. त्या दिवशी तिने मुलीला उचलून घेतलं, मान फिरवली आणि निघून गेली. काका पाळणाघराच्या दारातच उभे राहिले, एका पायात चप्पल, एका पायात नाही.

साहेब तिथेच आले.

"काका, मला तुमच्याशी वैर नाही. पण सत्तावीस अंशांत तुम्ही हवा का बंद करत होतात?"

"सत्तावीस नव्हतं, साहेब."

"नोंद आहे."

"असेल. पोरं गार होती."

"पुरावा काय तुमच्याकडे?"

काकांनी खिशातली वही काढली. साहेबांनी एक पान बघितलं आणि परत दिली. "हा तुमचा अंदाज झाला. मोजलं कशाने?"

काकांनी उजवा हात पुढे केला. भाजल्याच्या दोन जुन्या खुणा, नखांत काळं तेल. "याने."

"हात नोंदीत धरता येत नाही, काका," साहेब हळूच म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नसावं.

आणि मी तिथेच, दोघांपासून हातभर अंतरावर, खरं उत्तर पोटात घेऊन बसलेलो. त्या दिवसाइतकी माझी मला कधी लाज वाटली नाही.

याच सुमारास यादीवाल्या बाई आल्या. त्यांचं काम निराळंच होतं. या इमारतीत माझ्यासारखे अकराशे चाळीस सेन्सर आहेत, तीन वेगवेगळ्या कंत्राटदारांनी बसवलेले, आणि तिघांनी नावं ठेवलेली आपापल्या मर्जीने. एकाने नुसतं 'ख-३-ता' लिहिलेलं. दुसऱ्याने 'नवीन', त्याच्या पुढच्याला 'नवीन नवीन' आणि त्याच्याही पुढच्याला 'हाच वापरा'. एक महाशय फॅरनहाइटमध्ये बोलायचे. एक तीन वर्षं साडेबावीसवर अडकून बसलेला, त्याला सगळे आदर्श मानायचे. एकाचं घड्याळ दोन तास मागे, तो सकाळची थंडी जेवणाच्या वेळी कळवायचा. या सगळ्या गोंधळाला एका वळणावर आणायला बाईंना बोलावलं होतं. त्यांनी नियम ठरवला. आधी मजला, मग खोली, मग काय मोजतो ते, मग कशात मोजतो ते. सगळ्यांची नावं याच क्रमाने, अपवाद कुणालाही नाही.

चाळिशीच्या, बारीक चणीच्या, खांद्यावर घडीची शिडी. साहेब म्हणाले, "यादी संगणकात तयारच आहे. बसल्या जागी नावं बदलून टाका, दोन दिवसांचं काम."

"नाव कुणीतरी लिहिलेलं असतं, साहेब," बाई म्हणाल्या. "मी प्रत्येकाला भेटून विचारते."

"अकराशे चाळीस जणांना?"

"हो. स्क्रीनसमोर बसून आकडे वाचून दाखवायला एक माणूस द्या फक्त."

साहेबांनी थंडोपंतांना दिलं, कार्यालयातल्या स्क्रीनसमोर बसवून. तळघर त्यांना बंद होतं, रिकामे बसले होते.

बाईंची विचारण्याची पद्धत मी ऐकून होतो, पण स्वतःवर वेळ येईपर्यंत तिची गंमत कळली नव्हती. त्या प्रत्येक सेन्सर मिनिटभर मुठीत धरायच्या. मुठीच्या उबेने तो तापायचा, आणि फोनवर त्या काकांना विचारायच्या, "कोण चढलं?" स्क्रीनवर ज्या नावाचा आकडा चढेल, तेच त्याचं नाव. साधी गोष्ट आहे, पण नऊ वर्षांत ती कुणाला सुचली नव्हती. रोज सत्तर-ऐंशी जणांना त्या असं भेटायच्या. संध्याकाळी त्यांचा हात दुखायचा, पण एकालाही त्यांनी 'हा असेलच बरोबर' म्हणून सोडलं नाही.

चौकशी चार दिवसांवर आली होती तेव्हा त्या सकाळी पाळणाघरात आल्या. चपला काढल्या. आधी त्यांची नजर गेली ती खुंट्यांवर, मग पेल्यांवर, मग उशांवर. खुदकन हसल्या.

"मावशी, तुम्ही माझं काम आधीच करून ठेवलंय."

"तुमचं कसलं काम?"

"हेच. पेल्यावर बदक तर उशीवरही बदक."

"मग? पेल्यावर बदक आणि उशीवर मासा केला, तर एका दिवसात माझं पाळणाघर बंद पडेल."

"इमारतीचं तेच झालंय," बाई म्हणाल्या आणि शिडी भिंतीला टेकवली.

मग त्यांनी मला मुठीत धरलं. गार नव्हता तो हात, कोरडा होता, जरा खरखरीत. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून मला प्रथमच कुणीतरी विचारत होतं, 'तू कोण?' मी जिवाच्या आकांताने आकडे पाठवायला लागलो.

"काका, पाळणाघर. धरलंय. सांगा."

फोन मावशींच्या हातात होता, आवाज मोठा ठेवलेला.

"काका?"

"पाळणाघर चोवीसच आहे, मॅडम. हललं नाही."

"थांबू अजून थोडं." त्या थांबल्या. "आता?"

"चोवीस."

"बरं, मग दुसरं काही हलतंय का बघा. अख्खी यादी बघा."

माउसची टकटक ऐकू आली. मग ती थांबली.

"मॅडम, सभागृह चढतंय. सव्वीस. अठ्ठावीस. आता एकोणतीस."

"सभागृहात कुणी आहे का?"

"कुलूप आहे. किल्ली इथे माझ्यासमोर लटकतेय."

बाईंनी हात काढला. काका म्हणाले, "उतरतंय." पुन्हा धरला. "चढतंय." एकदा झालं म्हणून मान्य करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. तीनदा केलं. मग मला पट्टीवरून सरकवून काढलं, उलटं केलं आणि माझ्या पाठीवरचा क्रमांक वाचला. भिंतीवर पहिल्यांदा बसलो त्या दिवसानंतर तो वाचणाऱ्या या पहिल्याच. चव्वेचाळीस सतरा.

"काका, कळलं ना तुम्हाला काय झालंय ते?"

मावशींनी पदर तोंडाला लावला होता. काका अगदी हळू बोलले.

"म्हणजे पोरं गारच होती."

चौकशी पाळणाघरातच घ्यायची, असा बाईंनी हट्ट धरला. मुलांना तेवढ्यापुरतं अंगणात नेलं होतं. मोठ्या खुर्च्या इथे नाहीत, त्यामुळे साहेब बदकाच्या खुर्चीवर बसले, गुडघे कानाशी. काका भिंतीला टेकून उभे, टोपी हातात.

साहेबांना सगळा घोळ समजला होता. ते म्हणाले, "मग चार वर्षांच्या जुन्या नोंदी पुसून टाकू."

"पुसायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "खऱ्या आहेत त्या. पत्ता दुरुस्त करायचा आणि का केला ते शेजारी लिहायचं."

"कधीपासून अदलाबदल झाली हे कसं कळणार?"

बाईंनी एक कागद पुढे केला. "चार वर्षांपूर्वी सलग तीन दिवस दोन्ही खोल्या चौतीस अंश. तळमजल्याला रंग दिला ते दिवस. एवढी ऊब माणसाच्या खिशातच असते."

माझ्या रंगाऱ्याचं इमान असं कामी आलं. त्याने आम्हाला खोक्यात टाकलं असतं, तर ते तीन दिवस कुणालाच दिसले नसते.

मग बाईंनी काकांची पेन्सिलीची वही उघडली आणि शेजारी माझ्या नोंदी ठेवल्या, आता पाळणाघराच्या नावाने. वाचायला लागल्या. "काकांचा अंदाज साडेसतरा. नोंद, सतरा पूर्णांक तीन. काकांचा अंदाज सतरा. नोंद, सोळा पूर्णांक आठ. काकांचा अंदाज अठरा. नोंद, अठरा." विसाव्या ओळीला साहेबांनी चष्मा काढला. तिसाव्याला म्हणाले, "बास. पटलं."

"एकसष्ट आहेत, साहेब," बाई म्हणाल्या. "आरोप एकसष्टांचा होता."

त्यांनी एकसष्टच्या एकसष्ट वाचल्या. एकही अंदाज अर्ध्या अंशापलीकडे चुकलेला नव्हता. मी कारखान्यात तपासून निघालेला प्रमाणित सेन्सर, आणि हा एक तेलकट हात माझ्या बरोबरीने उभा! मला मुळीच हेवा वाटला नाही. असा सोबती मिळाल्याचा गर्वच वाटला.

साहेब उठायला गेले, खुर्चीसकट उठले. मावशींनी खुर्ची ओढून सोडवली. "आता उठता येतंय का बघा," त्या म्हणाल्या. साहेब काकांसमोर जाऊन उभे राहिले.

"काका, माझं चुकलं. मी एकदाही इथे येऊन हात लावून बघितलं नाही."

"जाऊ द्या, साहेब," काका म्हणाले. "पण छत्रीच्या आईला तेवढं सांगा."

साहेबांनी तिला तर सांगितलंच, बावीसही घरांना पत्र लिहिलं, स्वतःच्या सहीने. दुसऱ्या दिवशी छत्रीची आई दारात थांबली. तिने मुलीला काकांच्या हातात दिलं आणि तशीच वर कामाला गेली.

याला आता दोन वर्षं झाली. बाईंनी आम्हा अकराशे चाळीस जणांची ओळख परेड पूर्ण केली. आमचे क्रमांक आता पोटावर आहेत, ठळक, पुढून दिसतील असे. झडप कुणी हाताने फिरवली तर 'कारण' लिहायला आता जागा आहे. कुणाला काढायचं किंवा हलवायचं असेल तर बसवल्यावर मुठीत धरून विचारायचं, हा इमारतीचा नियम झालाय. मुलांनी मला एक चित्रही दिलं, गोगलगाय. उजव्या कोपऱ्यात चिकटवलंय. बाईंच्या नियमात ते बसत नाही, पण जाताना त्या बघून हसल्या आणि तसंच राहू दिलं.

सभागृहातही आता लोक वारा घेत नाहीत. भाषणं मात्र तेवढीच लांब आहेत, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

मी आता म्हातारा झालोय. तीन दशांशांनी वर सांगायला लागलोय आणि बाईंच्या यादीत ते प्रामाणिकपणे लिहिलेलंही आहे. माझ्या जागी येणारा नवा सेन्सर कपाटात खोक्यात बसलाय. मला खुशाल काढा, माझी तक्रार नाही. एकच विनवणी आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर विसंबून त्याला भिंतीवर चिकटवून जाऊ नका. तो खोटं बोलणार नाही, याची खात्री मी देतो. पण तो कुठे बसून बोलतोय, हे त्याच्याजवळ येऊन, त्याला हातात धरून विचारा. आणि खोलीतलं माणूस 'गार वाटतंय' म्हणालं, तर आधी त्याचे तळपाय बघा.

थंडोपंत गेल्या महिन्यात निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी दुपारी, मुलं झोपलेली असताना, ते जिने चढून आले. दारात चपला काढल्या. सवयीने हात झरोक्यासमोर धरला, एका तळपायाला बोट लावलं, आणि समाधानाने मान हलवली. मग माझ्यापाशी आले आणि मला मुठीत धरून उभे राहिले.

मी कळवत गेलो. सव्वीस. एकोणतीस. एकतीस.

पाळणाघरातला फोन वाजला. तळघरात काकांच्या जागी आता एक मुलगी आली आहे, काकांनीच तिला शिकवलंय. मावशींनी झोपमोड होऊ नये म्हणून पटकन उचलला.

"मावशी, पाळणाघर एकदम एकतीस झालं! काय झालं तिथे?"

मावशींनी भिंतीकडे बघितलं.

"काही नाही गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हात आहे आपल्या काकांचा. नोंदीत धर."

तिने धरला. तळघरात आजही ती ओळ आहे. पाळणाघर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, एकतीस अंश. कारण, काकांचा हात.